४०० माणसांची यादी ठरवणाऱ्या मिसेस ॲस्टर: न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत घराण्याची गोष्ट आज पुन्हा का चर्चेत आहे?

३५०, फिफ्थ ॲव्हेन्यू, न्यूयॉर्क.

हा पत्ता एम्पायर स्टेट बिल्डिंगचा आहे. सिनेमात, टी-शर्टवर, फिरायला गेलेल्या मित्राच्या इन्स्टाग्राम स्टोरीत ही इमारत तुम्ही नक्की बघितली असेल. पण ती उभी राहायच्या आधी या जागेवर एक हॉटेल होतं. आणि हॉटेलच्या आधी होतं एक घर. त्या घरात राहणारी एक बाई दरवर्षी जानेवारी महिन्यात ठरवायची की, अख्ख्या न्यूयॉर्कमध्ये 'मोठी माणसं' कोण आणि बाकीचे कोण.

त्यांचं नाव कॅरोलिन ॲस्टर. पण त्यांच्या व्हिजिटिंग कार्डवर फक्त दोनच शब्द असायचे, 'मिसेस ॲस्टर'. कोणती मिसेस ॲस्टर, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

आता सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या बाईंबद्दल आज का बोलायचं? कारण त्यांचा काळ सध्या पुन्हा बातम्यांमध्ये आहे. २०२५ च्या सुरुवातीला दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी सांगितलं की, अमेरिका सगळ्यात श्रीमंत होती ती १८७० ते १९१३ या काळात, कारण तेव्हा सरकारचा खर्च टॅरिफवर चालायचा. त्याच वर्षी 'द गिल्डेड एज' या मालिकेचा तिसरा सीझन आला, त्यात मिसेस ॲस्टर हे एक महत्त्वाचं पात्र आहे. त्याच वर्षी ॲस्टर घराण्याचं नाव लावणारं न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेल अनेक वर्षांच्या कामानंतर पुन्हा उघडलं. आणि वर्ष संपता संपता व्हाइट हाउसची ईस्ट विंग पाडून तिथे मोठी बॉलरूम बांधायला घेतली गेली.

श्रीमंती, टॅरिफ, हॉटेल, बॉलरूम. हे सगळं एका घराण्याच्या गोष्टीत सापडतं. म्हणून ती नीट समजून घेऊ.

'गिल्डेड एज' म्हणजे नेमकं काय?

गिल्डेड म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेलं. वरून सोनं, आत पितळ. हे नाव कौतुकाचं नाही, टोमण्याचं आहे. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी १८७३ मध्ये याच नावाची कादंबरी लिहिली आणि पुढे ते नाव त्या अख्ख्या काळाला चिकटलं.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं. त्यानंतर रेल्वे, पोलाद, तेल आणि बँका यांतून काही मोजक्या लोकांकडे अचाट पैसा आला. त्या काळाचा बराचसा भाग अमेरिकेत केंद्र सरकारचा इन्कम टॅक्सच नव्हता. आज जो आहे तो १९१३ मध्ये घटनादुरुस्ती करून आला. ट्रम्प जी वर्षं सांगतात ती तिथे येऊन का थांबतात, ते इथे कळतं.

दुसरीकडे याच काळात युरोपातून बोटी भरभरून माणसं न्यूयॉर्कला उतरत होती आणि एकेका खोलीत आठ-आठ जण राहत होते. कॅरोलिन ॲस्टर यांची गोष्ट या दोन्ही टोकांना जोडलेली आहे. कशी, ते पुढे बघू.

ॲस्टरांकडे पैसा आला कुठून?

ॲस्टर म्हणजे न्यूयॉर्कचे खानदानी श्रीमंत, असं १८८० च्या दशकात मानलं जायचं. पण हे 'खानदान' जेमतेम तीन पिढ्यांचं होतं.

मूळ पुरुष जॉन जेकब ॲस्टर. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ नावाच्या गावातल्या कसायाचा मुलगा. जन्म १७६३ चा. विशीत अमेरिकेला आला आणि प्राण्यांच्या कातड्यांच्या, म्हणजे फरच्या धंद्यात पडला. अमेरिकेच्या आतल्या भागातून फर गोळा करायची, ती चीनला पाठवायची आणि तिथून चहा, रेशीम आणायचं. मध्ये काही काळ तुर्कस्तानची अफूसुद्धा त्याने चीनला पोहोचवली. १८०८ मध्ये त्याने अमेरिकन फर कंपनी काढली.

पण घराण्याला पिढ्यान् पिढ्या पुरलं ते फर नाही, जमीन. न्यूयॉर्क शहर वाढणार हे त्याने ओळखलं आणि मॅनहॅटनमध्ये शेतंच्या शेतं विकत घेऊन ठेवली. त्याची पद्धत साधी होती. जमीन शक्यतो विकायची नाही, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची. बांधकाम दुसरा करणार, भाडेकरू दुसरा ठेवणार, आपण फक्त जमिनीचं भाडं घ्यायचं. मुदत संपली की वाढलेल्या भावाने नवा करार.

१८४८ मध्ये तो वारला तेव्हा अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत माणूस होता. संपत्ती अंदाजे २ कोटी डॉलर. त्याच्या मुलाने, विल्यम बॅकहाउस ॲस्टरने, हीच पद्धत इतकी वाढवली की त्याला लोक 'न्यूयॉर्कचा घरमालक' म्हणायला लागले.

या भाडेपट्ट्याच्या जमिनींवर काय उभं राहिलं? बऱ्याच ठिकाणी टेनेमेंट. म्हणजे आपल्याकडच्या चाळींसारख्या, पण त्याहून कोंदट इमारती. आतल्या खोल्यांना ना उजेड, ना वारा. पट्टेदाराला जमिनीचं भाडं भरून वर नफाही हवा असायचा, त्यामुळे जितकी जास्त कुटुंबं कोंबता येतील तितकी तो कोंबायचा. मालक कागदोपत्री नामानिराळा राहायचा. जेकब रिस या पत्रकाराने १८९० मध्ये पुस्तक लिहून आणि फोटो छापून या वस्त्या जगाला दाखवल्या, पण तोवर ॲस्टरांच्या तीन पिढ्या या भाड्यावर जगल्या होत्या.

मग कॅरोलिन कोण?

कॅरोलिन वेब्स्टर शेर्मरहॉर्न यांचा जन्म २२ सप्टेंबर १८३० चा. त्यांचं माहेर डच वंशाचं. न्यूयॉर्क हे डचांच्या ताब्यात होतं त्या काळापासून इथे राहणाऱ्या घराण्यांना शहरात वेगळा मान होता. पैसा ॲस्टरांइतका नव्हता, पण नाव जुनं होतं.

१८५३ मध्ये त्यांचं लग्न मूळ ॲस्टरच्या नातवाशी झालं. त्याचंही नाव विल्यम बॅकहाउस ॲस्टर, म्हणजे धाकटा विल्यम. थोडक्यात, माहेरचं नाव आणि सासरचा पैसा असं हे जुळलं.

संसार मात्र फारसा जुळला नाही. विल्यमला समुद्रावर याट घेऊन फिरायची आणि घोड्यांची आवड. पत्नीच्या मेजवान्यांना तो बहुतेक वेळा गैरहजरच. चार मुली आणि एक मुलगा झाला. मुली मोठ्या होईपर्यंत कॅरोलिन यांनी घर सांभाळलं. चाळिशी उलटल्यावर, मुली लग्नाच्या वयाच्या व्हायला लागल्या तेव्हा, त्या खऱ्या अर्थाने मैदानात उतरल्या.

यादी कशी चालायची?

त्यांना साथीदार मिळाला वॉर्ड मॅकॅलिस्टर. जॉर्जिया राज्यातून आलेला वकील, युरोप फिरलेला आणि जेवणाच्या टेबलावर कोणती वाइन कधी ठेवायची यावर तासभर बोलू शकणारा माणूस. १८७२ मध्ये त्याने 'पेट्रिआर्क्स' नावाचं मंडळ काढलं. न्यूयॉर्कमधले २५ प्रतिष्ठित पुरुष, आणि प्रत्येकाला नाचाच्या समारंभाला ठरावीक पाहुणेच आणायची परवानगी. चुकीचा पाहुणा आणला तर जबाबदारी त्याची. आजच्या भाषेत, ॲडमिन २५ आणि ग्रुप क्लोज्ड.

कॅरोलिन यांचा स्वतःचा वार्षिक बॉल जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी असायचा. हिरे घालून त्या स्वतःच्या मोठ्या तैलचित्राखाली पाहुण्यांचं स्वागत करायच्या. आमंत्रण आलं तर तुम्ही आत, नाही आलं तर त्या रात्री तुम्ही गावाला गेलात असं लोकांना सांगायचं.

आत जायचा रस्ता व्हिजिटिंग कार्डावरून जायचा. मानाने मोठ्या बाईंनी तुमच्या घरी कार्ड पाठवलं नाही, तोवर तुमची ओळखच नाही. शेजारी राहत असलात, रोज रस्त्यात दिसत असलात तरी नाही. आणि ओळख नाही म्हणजे आमंत्रण नाही.

१८८८ मध्ये मॅकॅलिस्टरने एका वर्तमानपत्राला सांगितलं की, न्यूयॉर्कच्या खऱ्या उच्चभ्रू समाजात साधारण ४०० माणसं आहेत. मिसेस ॲस्टर यांच्या बॉलरूममध्ये तेवढीच माणसं मावतात म्हणून हा आकडा आला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. फेब्रुवारी १८९२ मध्ये ही यादी न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आली. गंमत म्हणजे नावं मोजली तर ४०० भरतच नव्हती. तेव्हा शहराची लोकसंख्या होती १५ लाखांच्या आसपास.

एवढा खटाटोप कशासाठी?

आज हे वाचून हसू येतं. पण यात तीन गोष्टी खऱ्याखुऱ्या पणाला लागलेल्या होत्या.

पहिली, लग्नं. कुणाच्या घरात कुणाची मुलगी जाणार, म्हणजे कुणाची जमीन आणि शेअर कुणाकडे जाणार, हे या नाचाच्या रात्री ठरायचं. कॅरोलिन यांची मुलगी हेलन हिचं लग्न रूझवेल्ट घराण्यात झालं. तिचा नवरा हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा सावत्र भाऊ. यादीत असणं म्हणजे अशा स्थळांपर्यंत पोहोच असणं.

दुसरी, पैशाचा उगम विसरायला लावणं. रेल्वेवाले, खाणवाले 'नवश्रीमंत' म्हणून दाराबाहेर. पण स्वतः ॲस्टरांचा पैसा कातड्यांच्या धंद्यातून आलेला, आणि तोही दोनच पिढ्यांपूर्वी. यादीचं काम एवढंच होतं की एका तारखेला दार बंद करायचं. दाराच्या आत जे आले त्यांचा पैसा 'जुना', बाहेर राहिले त्यांचा 'नवा'. आतल्याला मग कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्याकडे कुठून आला?

तिसरी, सत्ता. कॅरोलिन यांना मतदानाचा हक्क नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या बायकांना तो १९१७ मध्ये मिळाला, त्या वारल्यानंतर ९ वर्षांनी. धंद्याची सूत्रं पुरुषांकडे, बँक पुरुषांची, कोर्ट पुरुषांचं. एका हुशार, श्रीमंत बाईच्या हातात जे एकमेव खातं होतं, ते म्हणजे घरी कुणाला बोलवायचं. त्यांनी त्या एका खात्याचं अख्खं सरकार केलं.

त्यांना फक्त गर्विष्ठ म्हणून सोडून दिलं तर ही तिसरी गोष्ट निसटते. आणि त्यांना फक्त 'पॉवर वुमन' म्हणून रील केलं तर दुसरी.

१८८३: दार ढकललं गेलं

नवश्रीमंतांमध्ये सगळ्यात मोठं नाव होतं व्हँडरबिल्ट. आधी बोटी, मग रेल्वे. पैसा ॲस्टरांपेक्षा जास्त, पण आमंत्रण नाही. त्या घरातली सून अल्वा व्हँडरबिल्ट गप्प बसणारी नव्हती. तिने फिफ्थ ॲव्हेन्यूवर फ्रेंच राजवाड्यासारखं घर बांधलं आणि २६ मार्च १८८३ ला वेषांतराचा बॉल जाहीर केला. पाहुणे हजाराच्या वर, खर्च अडीच लाख डॉलर झाल्याच्या बातम्या. अल्वाची जाऊ तर 'विजेचा दिवा' बनून आली होती. वीज तेव्हा एवढी नवी होती.

या बॉलबद्दलचा एक किस्सा न्यूयॉर्कमध्ये अजून सांगतात. कॅरोलिन यांची धाकटी मुलगी कॅरी मैत्रिणींबरोबर या समारंभासाठी नाच बसवत होती. अल्वाने सहज म्हणावं तसं कळवलं की, मिसेस ॲस्टर कधी आमच्याकडे आल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या मुलीला बोलावणं काही बरं दिसणार नाही. नियम तर कॅरोलिन यांचाच! शेवटी त्यांचा नोकर व्हँडरबिल्टांच्या दारात जाऊन कार्ड देऊन आला. दुसऱ्या दिवशी आमंत्रण पोहोचलं.

किश्शात तिखट-मीठ किती ते बाजूला ठेवू. पण ॲस्टर मायलेकी त्या रात्री व्हँडरबिल्टांकडे होत्या हे खरं. त्याच वर्षी नवश्रीमंतांनी बांधलेलं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसही उघडलं. जुन्या नाट्यगृहात बॉक्स मिळत नाहीत म्हणून त्यांनी नाट्यगृहच नवं बांधलं होतं. काही वर्षांत जुन्या नाट्यगृहातला ऑपेरा बंद पडला.

यादी छापून आली, त्याच वर्षी घरात भूकंप

१८९२ हे वर्ष कॅरोलिन यांच्यासाठी फार वाईट गेलं. यादी छापून आल्याच्या पाठोपाठ त्यांची मुलगी शार्लट ऑगस्टा हिच्या विवाहबाह्य संबंधाच्या बातम्या पेपरांनी लावून धरल्या. ती चार मुलांची आई होती. याच एप्रिलमध्ये नवरा विल्यम पॅरिसमध्ये वारला. थोरली मुलगी एमिली अकरा वर्षांपूर्वीच बाळंतपणात गेली होती. पुढच्याच वर्षी हेलनही गेली.

असं काही दुसऱ्या कुणाच्या घरात झालं असतं तर त्या घराचं नाव यादीतून कटलं असतं. पण इथे मुलगी स्वतःची होती. कॅरोलिन यांनी ऑगस्टाला टाकलं नाही, त्या तिच्या पाठीशी राहिल्या. ऑगस्टाचा पुढे घटस्फोट झाला आणि तिने लंडनला दुसरं लग्न केलं. ज्या बाईने आयुष्यभर नियम चालवले, तिने आईच्या नात्याने त्यातला सगळ्यात कडक नियम बाजूला ठेवला. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात माणुसकीची गोष्ट हीच.

पुतण्याने शेजारी हॉटेल बांधलं

आता ती हॉटेलची गोष्ट.

कॅरोलिन यांच्या दिराचा मुलगा विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर. थोरल्या शाखेचा वारस. १८९० मध्ये वडील वारल्यावर त्याचं म्हणणं होतं की, आता 'मिसेस ॲस्टर' हा मान माझ्या बायकोचा. काकूंनी तो सोडला नाही. पुतण्या चिडून इंग्लंडला निघून गेला. पण जाताना त्याने काकूंच्या घराशेजारचं वडिलांचं घर पाडायला घेतलं आणि तिथे १३ मजली हॉटेल बांधलं. नाव वॉल्डॉर्फ, आजोबा-पणजोबांच्या त्या जर्मन गावावरून. १८९३ मध्ये ते उघडलं.

विचार करा, ज्यांच्या दारात पाय ठेवायला लोक आयुष्य घालवायचे, त्यांच्या भिंतीला लागून आता बांधकामाची धूळ आणि मग दिवसरात्र प्रवाशांची ये-जा. कॅरोलिन यांनी तिथून मुक्काम हलवला आणि वर ६५ व्या रस्त्यावर नवा महाल बांधला. जुन्या घराच्या जागेवर त्यांच्याच मुलाने, जॉन जेकब ॲस्टर चौथा याने, १८९७ मध्ये दुसरं हॉटेल काढलं, ॲस्टोरिया. दोन्ही हॉटेलं जोडली गेली आणि वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया तयार झालं. चुलत भावांचा एकमेकांवर विश्वास इतका की, करारात तरतूद होती, पुन्हा भांडण झालं तर मधले रस्ते विटांनी बंद करता येतील.

खरा बदल मात्र भांडणाच्या पलीकडचा होता. कॅरोलिन यांच्या घरात शिरायला आमंत्रण लागायचं, ते पैशाने मिळत नव्हतं. त्याच जागेवरच्या हॉटेलात शिरायला फक्त बिल भरायची ऐपत लागायची. प्रतिष्ठा आता रात्रीच्या भाड्याने मिळू लागली. आणि दार उघडणारे होते घरचेच, कारण त्यात पैसा होता.

त्याच वर्षी, म्हणजे १८९७ च्या फेब्रुवारीत, वॉल्डॉर्फमध्ये ब्रॅडली-मार्टिन नावाच्या जोडप्याने एक अफाट खर्चाचा बॉल दिला. देश १८९३ पासूनच्या मंदीत होता, बेकारी होती. धंद्याला चालना मिळेल, असं यजमानांचं म्हणणं. लोक इतके संतापले, पेपरांनी एवढं झोडपलं की हे जोडपं पुढे इंग्लंडला जाऊन राहिलं. बॉलकडे कौतुकाने बघायचा काळ संपत आला होता.

शेवट, आणि टायटॅनिक

कॅरोलिन यांची शेवटची वर्षं एकाकी गेली. स्मृती ढासळली. रिकाम्या दिवाणखान्यात उभं राहून त्या कधीच्या गेलेल्या पाहुण्यांचं स्वागत करायच्या, असं सांगितलं जातं. ३० ऑक्टोबर १९०८ ला, ७८ व्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या दुसऱ्या महालाच्या जागेवर आज ज्यू धर्मीयांचं मोठं प्रार्थनास्थळ आहे.

आईच्या पश्चात मुलानेही नियम मोडला. जॉन जेकबने घटस्फोट घेतला आणि १९११ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, १८ वर्षांच्या मॅडलिन फोर्सशी लग्न केलं. बोभाटा टाळायला दोघं इजिप्त आणि युरोपला गेले. परतताना बोट होती टायटॅनिक. गरोदर पत्नीला त्याने लाइफबोटीत बसवलं, ती वाचली. बोटीवरचा सगळ्यात श्रीमंत प्रवासी असलेला जॉन जेकब १५ एप्रिल १९१२ ला बुडाला.

चारच दिवसांनी अमेरिकन सिनेटने या दुर्घटनेची चौकशी सुरू केली. कुठे? वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात. म्हणजे त्याच्या आईचं घर जिथे होतं, त्याच जागेवर.

हे हॉटेल १९२९ मध्ये पाडलं गेलं आणि तिथे एम्पायर स्टेट बिल्डिंग आली. वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया पार्क ॲव्हेन्यूवर नव्याने बांधलं गेलं. २०१४ मध्ये ते १९५ कोटी डॉलरना एका चिनी विमा कंपनीने घ्यायचं ठरवलं. मूळ ॲस्टरने चीनच्या व्यापारात पैसा केला होता, त्याच्या गावाचं नाव लावणारं हॉटेल शेवटी चिनी मालकीचं झालं.

आणि त्या चाळींचं काय झालं?

टायटॅनिकनंतर सगळी मिळकत आली जॉन जेकबच्या मुलाकडे, व्हिन्सेंटकडे. वय २०. त्यात त्या टेनेमेंटही होत्या. १९३० च्या दशकात त्याने लोअर ईस्ट साइडमधल्या आपल्या जुन्या इमारती न्यूयॉर्कच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला स्वस्तात विकल्या. तिथे 'फर्स्ट हाउसेस' ही वसाहत उभी राहिली. डिसेंबर १९३५ मध्ये तिचं उद्घाटन झालं. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या सरकारी घरांपैकी ही एक, आणि ती आजही उभी आहे.

व्हिन्सेंटला मूल नव्हतं. १९५९ मध्ये तो वारल्यावर त्याची पत्नी ब्रुक ॲस्टर हिने त्याच्या फाउंडेशनमधून जवळपास २० कोटी डॉलर ग्रंथालयं, संग्रहालयं आणि शहरातल्या गरजू संस्थांना वाटले. १०५ वर्षं जगून ती २००७ मध्ये गेली.

आणि इंग्लंडला गेलेला तो चिडका पुतण्या? तो तिथे लॉर्ड झाला. त्याची अमेरिकेत जन्मलेली सून नॅन्सी ॲस्टर १९१९ मध्ये निवडून आली आणि ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसणारी पहिली महिला खासदार ठरली. सासरच्या चुलत-आजेसासूबाईंना बॉलरूमवर भागवावं लागलं, सुनेला संसद मिळाली. मधे गेली फक्त ११ वर्षं.

आपण यातून काय घ्यायचं?

'चारशे' हा शब्द अजून मेलेला नाही. फोर्ब्स मासिक १९८२ पासून अमेरिकेतल्या ४०० सर्वांत श्रीमंतांची यादी काढतं, तो आकडा मिसेस ॲस्टर यांच्या 'चारशे'चीच आठवण आहे. फरक एवढाच की तिथे नाव यायला घराणं लागत नाही, रक्कम लागते.

आणि ही गोष्ट आपल्यापासून फार लांबचीही नाही. टायटॅनिकवर गेलेल्या जॉन जेकबने १९०४ मध्ये न्यूयॉर्कला आणखी एक हॉटेल काढलं होतं, सेंट रेजिस. त्याच नावाचं आलिशान हॉटेल आज मुंबईत लोअर परळला उभं आहे, जिथे एकेकाळी फिनिक्स मिल चालायची आणि आसपासच्या चाळींत गिरणी कामगार राहायचे. मॅनहॅटनमध्ये घर जाऊन हॉटेल आलं, परळमध्ये गिरणी जाऊन मॉल आणि हॉटेल आलं. जमिनीचा भाव वाढला की आधी काय होतं ते पुसलं जातं, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणूनच 'तेव्हा आपण सगळ्यात श्रीमंत होतो' असं कुणी म्हणालं की एक साधा प्रश्न विचारायला हवा, 'आपण' म्हणजे कोण? १८९२ मध्ये या प्रश्नाचं उत्तर न्यूयॉर्कच्या पेपरात छापून आलं होतं. १५ लाखांच्या शहरात चारशेसुद्धा नाही. आणि त्या चारशेंच्या नाचाचा खर्च ज्या भाड्यातून निघायचा, ते भाडं भरणाऱ्यांचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं.

'द गिल्डेड एज' जरूर बघा. कपडे, घरं, दागिने, सगळं डोळे दिपवणारं आहे. फक्त पुढच्या वेळी मिसेस ॲस्टर पडद्यावर आल्या की तो भाडेपट्टाही आठवा.